अमेरिकेतील पत्नी-व्हिसाचे रखडलेले प्रकरण: लोकप्रतिनिधींची मदत कोणी आणि कोणाकडे मागावी?

पूर्वभागकर, सोलापूर

सर्वांना नमस्कार. आमच्या मुलीचे लग्न सोलापुरातच झाले. जावई अमेरिकेचे नागरिक असून न्यू जर्सी राज्यात नोकरी करतात. लग्नानंतर त्यांनी पत्नीसाठी आय-१३० अर्ज, म्हणजे नातेवाईकाला अमेरिकेत आणण्यासाठीचा पहिला अर्ज, दाखल केला. तो मंजूर झाल्यावर अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे शुल्क, कागदपत्रे आणि उत्पन्नाचे हमीपत्र सादर झाले, आणि गेल्या वर्षी वाणिज्य दूतावासात मुलाखतही पार पडली. मुलाखतीच्या शेवटी अधिकाऱ्यांनी एक छापील पत्र हाती दिले. त्यावर अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २२१(जी) चा उल्लेख असून प्रकरण पुढील प्रशासकीय प्रक्रियेसाठी ठेवल्याचे लिहिले आहे. कोणताही नवा कागद मागितलेला नाही. तेव्हापासून संकेतस्थळावर ‘नाकारले’ असा शेरा दिसतो आणि ईमेलला प्रत्येक वेळी त्याच मजकुराचे ठरावीक उत्तर येते.

मुलीने जाण्याच्या तयारीने येथील शाळेतील नोकरी सोडली होती. वैद्यकीय तपासणीची मुदत संपत आली आहे. नातेवाईक रोज विचारतात आणि ती आता कोणाच्या कार्यक्रमाला जाणेही टाळते, हे पाहून तिच्या आईचा जीव तुटतो. घरातील थोरांचे म्हणणे असे की आपल्या खासदारांच्या लेटरहेडवर शिफारसपत्र घेऊन ते दूतावासाला पाठवावे. जावयांचे सहकारी मात्र सांगतात की तेथील लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात अर्ज करावा. यापैकी योग्य मार्ग कोणता, आणि असे पत्र गेल्याने अधिकारी नाराज होऊन प्रकरणाचे नुकसान तर होणार नाही ना, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

न्यू जर्सीतील सोलापूरकर

आदरणीय काका, नमस्कार. आमच्या घरानेही अशी प्रतीक्षा सोसलेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. सर्वांत आधी ताईंना सांगा की संकेतस्थळावरील तो शेरा म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. २२१(जी) खाली ठेवलेले प्रत्येक प्रकरण अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने नकारातच मोडते, कारण मुलाखतीच्या दिवशी अधिकाऱ्याला व्हिसा द्यावा किंवा नाकारावा एवढेच दोन पर्याय असतात. चौकशी पूर्ण झाली की तोच नकार उठवून व्हिसा देता येतो, आणि असे व्हिसे नेहमी मिळतात.

आता मुख्य प्रश्न. मदत मागायची ती जावयांनी, आणि तीही ते आज जेथे राहतात तेथील लोकप्रतिनिधींकडे. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ मतदारसंघांतून प्रत्येकी एक सदस्य निवडून येतो आणि सिनेटवर प्रत्येक राज्यातून दोन. म्हणजे जावयांसाठी असे तीन लोकप्रतिनिधी आहेत. प्रतिनिधिगृहाच्या अधिकृत संकेतस्थळावर आपला झिप कोड (तेथील पिन कोड) टाकला की आपले सदस्य कोण हे कळते. या प्रत्येकाच्या कार्यालयात लोकांच्या सरकारी कामांचा पाठपुरावा करणारे पगारी कर्मचारी असतात. त्यांना तेथे केसवर्कर म्हणतात. पेन्शन, माजी सैनिकांचे लाभ, पासपोर्ट आणि स्थलांतर ही त्यांची रोजची कामे आहेत. ही सेवा पूर्णपणे विनामूल्य आहे. अर्जदाराने मत कोणाला दिले हे कोणी विचारत नाही. ग्रीन कार्डवर राहणाऱ्या, मताचा अधिकार नसलेल्या रहिवाशांचीही कामे ही कार्यालये करतात. कोणी मध्यस्थ ‘आमची वॉशिंग्टनमध्ये ओळख आहे’ असे सांगून पैसे मागत असेल तर त्याच्यापासून मनापासून दूर राहा, कारण तो तुमच्याकडून जे फुकट मिळते त्याचेच पैसे घेणार आहे.

कार्यालय सर्वप्रथम एक संमतिपत्र भरून मागेल. १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टमुळे संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय सरकारी खाते तिची माहिती लोकप्रतिनिधीलाही देत नाही. हे पत्र अर्जकर्ते म्हणून जावयांच्या सहीचे असेल. काही कार्यालये व्हिसा मागणाऱ्या व्यक्तीचीही सही घेतात, तेव्हा ताईंनी तयारी ठेवावी. संमतिपत्रातील नाव, जन्मतारीख आणि प्रकरण क्रमांक हे मुलाखतीच्या पत्राशी अक्षरश: जुळले पाहिजेत. प्रकरण क्रमांकात तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे दहा अंक असतात. आय-१३० चा पावती क्रमांक वेगळा असतो आणि अनेक जण घाईत तोच लिहून मोकळे होतात. मग केसवर्करची चौकशी चुकीच्या खात्याकडे जाते आणि महिनाभर वाया जातो, कारण मंजूर झालेला आय-१३० गृहसुरक्षा विभागाच्या कार्यालयाकडचा विषय असतो, तर व्हिसा हा परराष्ट्र खात्याचा.

सोबतचे निवेदन एका पानाचे असावे. लग्न कधी झाले, आय-१३० कधी मंजूर झाला, मुलाखत कोणत्या तारखेला झाली, पत्रात काय लिहिले होते, त्यानंतर कोणत्या तारखांना चौकशी केली आणि काय उत्तर आले, हे क्रमाने लिहावे. शेवटी एकच नेमका प्रश्न विचारावा: प्रकरणात अर्जदाराकडून काही बाकी आहे का, आणि नसल्यास ते कोणत्या टप्प्यावर आहे? घरच्या मानसिक त्रासाबद्दल दोन वाक्ये जरूर लिहावीत, ती खरी आहेत आणि ती लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु पानभर दु:ख लिहिले आणि तारखा राहून गेल्या, तर वाचणाऱ्याला मदत करण्यासाठी हाती काहीच उरत नाही.

तिन्ही कार्यालयांना एकाच वेळी लिहू नये. एकाच प्रकरणावर तीन चौकश्या गेल्या तर तीच उत्तरे तीन ठिकाणी जातात आणि कोणताही केसवर्कर ते प्रकरण आपले मानत नाही. आधी प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांकडे जावे आणि तेथून समाधान झाले नाही तरच सिनेटरकडे, तेही आधीची चौकशी केव्हा झाली हे सांगून.

या पत्राने काय साधते हेही स्पष्ट सांगते. व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने वाणिज्य अधिकाऱ्यालाच दिलेला आहे. लोकप्रतिनिधी तो निर्णय बदलू शकत नाहीत. मात्र चौकशी आली की कोणाला तरी ते प्रकरण उघडून उत्तर लिहावे लागते, आणि तेवढ्यानेच पुष्कळदा खरी अडचण उजेडात येते. आमच्या प्रकरणात उत्तर लिहितानाच संबंधित कार्यालयाच्या लक्षात आले की आम्ही पुन्हा पाठवलेला उत्पन्नाचा कागद प्रकरणाला जोडलाच गेला नव्हता. तो जोडला गेला आणि गाडी पुढे सरकली. उलट, सुरक्षाविषयक तपासणी अन्य खात्याकडे अडकलेली असेल तर ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढेच उत्तर येईल. तसे आले तरी खचू नये. केसवर्करला काही आठवड्यांनी पुन्हा विचारता येते.

नाराजीची भीती मनातून काढून टाका. अशा चौकश्या रोज येतात, त्यांना उत्तरे देण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असते आणि त्यामुळे प्रकरण बिघडल्याचे मी कधी पाहिलेले नाही.

वैद्यकीय तपासणीविषयी एक सूचना: ती साधारणपणे सहा महिन्यांची असते, आणि व्हिसाची मुदतही तिच्यापलीकडे जात नाही. ती संपली म्हणून स्वत:हून पुन्हा करून घेऊ नका. प्रकरण मार्गी लागताना दूतावास ती नव्याने करायला सांगतो. आज केलीत तर तीही तोवर संपेल आणि खर्च दुप्पट होईल.

निवृत्त स्वीय सहाय्यक, होटगी रस्ता

न्यू जर्सीच्या ताईंनी अमेरिकेची बाजू पूर्ण सांगितली आहे, म्हणून मी आपल्याकडील बाजूविषयी लिहितो. एका लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयात मी अनेक वर्षे काम केले आहे आणि परदेशी व्हिसासाठी शिफारसपत्र मागायला येणाऱ्या आईवडिलांना फार जवळून पाहिले आहे. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे जड जाते, त्यामुळे अनेक ठिकाणी पत्र लिहून दिले जाते. परंतु दुसऱ्या देशाने कोणाला प्रवेश द्यावा हा त्या देशाचा सार्वभौम अधिकार आहे. आपले परराष्ट्र मंत्रालयही त्याबाबत आदेश देऊ शकत नाही, मग खासदारांच्या पत्राचा तेथे उपयोग तो काय होणार? काही जण परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवतात. ते २०१५ साली सुरू झाले आहे आणि भारतीय दूतावासांच्या सेवांसाठी तसेच परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी आहे. परकीय व्हिसाच्या विलंबाची दखल तेथे घेतली जात नाही.

मात्र आपल्या खासदारांचा आणि आमदारांचा उपयोग शून्य आहे असे कोणी समजू नये. स्थलांतराच्या प्रकरणात जे कागद भारतीय कार्यालयांतून मिळवावे लागतात, तेथे त्यांचा पाठपुरावा खरोखर कामाला येतो. पासपोर्टच्या नूतनीकरणातील पोलीस पडताळणी अडली, पोलीस निर्दोषत्वाचा दाखला, जो आपल्याकडे पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, तो वेळेत आला नाही, जुनी जन्मनोंद सापडत नाही, असे प्रश्न त्यांनी मांडले तर उत्तर मिळते. सोलापूरसाठी पासपोर्टचे प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे. अर्ज क्रमांकासह खासदारांच्या कार्यालयाकडून तेथे गेलेल्या पत्राची नोंद होते आणि खुलासा येतो.

येथेही आपला मतदारसंघ कोणता हे आधी पाहावे लागते. जिल्हा एक असला तरी लोकसभेला तो तिघांत विभागलेला आहे. शहरातील उत्तर आणि मध्य, तसेच दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे विधानसभा मतदारसंघ सोलापूर लोकसभेत येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस माढ्यात. आणि बार्शी धाराशिवच्या मतदारसंघात. आमच्या कार्यालयात बार्शीहून आलेल्या माणसांना आम्हांला हात जोडून दुसरा पत्ता द्यावा लागे, आणि त्यांचा प्रवासाचा दिवस वाया जाई.

पूर्व भागातील कुटुंबांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या तेलुगूभाषक विणकर घरांत घराण्याचे नाव आधी आणि स्वत:चे नाव नंतर लिहिण्याची जुनी पद्धत आहे, तर शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीने आधी नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येते. इंग्रजी स्पेलिंग तर दाखल्यागणिक बदलते. वडिलांचे नाव जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि विवाह नोंदणीवर तिसरे असेल, तर नावांच्या तपासणीत वेळ जाणे स्वाभाविक आहे. पूर्वभागकर, तुमच्या मुलीच्या कागदांत असा फरक असेल तर तो आजच पाहून ठेवा. दुरुस्ती महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून होत असेल तर ती करून घ्यावी. आणि नावच बदललेले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जवळ ठेवावी. या कामासाठी खासदार किंवा आमदारांच्या कार्यालयात जाण्यात संकोच मानू नका, कारण ते त्यांचे कामच आहे.

बार्शीकर

याच विषयाला धरून विचारतो. माझी मोठी बहीण अमेरिकेची नागरिक आहे आणि तिने माझ्यासाठी भावंडांच्या वर्गातून अर्ज केलेला आहे. तो मंजूर होऊन कित्येक वर्षे लोटली, पण मुलाखतीचे बोलावणे नाही. तिने तेथील लोकप्रतिनिधींकडे तक्रार करावी का?

न्यू जर्सीतील सोलापूरकर

दादा, तुमच्या आणि काकांच्या प्रकरणात मोठा फरक आहे. नागरिकाच्या पती-पत्नीला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना वार्षिक मर्यादा लागू नाही, म्हणून त्यांचे प्रकरण थांबले तर तो विलंब ठरतो आणि त्याविषयी विचारता येते. भावंडांच्या चौथ्या वर्गाला मात्र साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा आहे, शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांहून अधिक व्हिसा सहसा जात नाहीत. भारतातून अर्ज इतके आहेत की ही रांग दीड दशकाहून लांब आहे. परराष्ट्र खाते दरमहा व्हिसा बुलेटिन प्रसिद्ध करते. त्यात तुमच्या वर्गासमोर भारताच्या रकान्यात जी तारीख असेल, तिच्याशी तुमच्या अर्जाची अग्रक्रम तारीख, म्हणजे बहिणीचा अर्ज दाखल झाल्याची तारीख, ताडून पाहा. तुमची तारीख अजून आलेली नसेल तर कोणताही लोकप्रतिनिधी तुम्हाला रांगेत पुढे नेऊ शकत नाही, कारण ती मर्यादा संसदेनेच कायद्यात घातलेली आहे. तुमच्या ताईंचा पत्ता आणि ईमेल नॅशनल व्हिसा सेंटरकडे अद्ययावत आहे ना, एवढे मात्र त्यांनी पाहावे. बोलावणे जुन्या पत्त्यावर गेले आणि वर्षभर कोणी प्रतिसाद दिला नाही, तर नोंदणी रद्द होण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. इतकी वर्षे थांबून असे व्हावे, हे मला फार भयंकर वाटते.

वकील, विजापूर रस्ता

काकांनी न्यायालयाचा मार्ग विचारलेला नाही, परंतु पुढे कोणीतरी सुचवील म्हणून लिहून ठेवतो. अमेरिकेत सरकारी खात्याने अवाजवी विलंब केला तर संघीय जिल्हा न्यायालयात मँडमसची, म्हणजे खात्याला त्याचे कर्तव्य बजावण्याचा आदेश मागणारी, याचिका करता येते. तिच्यातील मागणी ‘निर्णय द्या’ एवढीच असते. ‘व्हिसा द्या’ अशी मागणी तेथे टिकत नाही. २०२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परराष्ट्र खाते विरुद्ध मुन्योझ या प्रकरणात म्हटले की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत घटनात्मक अधिकार अमेरिकी नागरिकाला नाही. त्यामुळे वाणिज्य अधिकाऱ्याने दिलेल्या नकाराच्या गुणदोषांत न्यायालये सहसा शिरत नाहीत. विलंबाविरुद्धच्या याचिकांवरही सर्व न्यायालयांचे मत सारखे नाही. खर्च मोठा आहे आणि वकील तेथील परवानाधारकच असावा लागतो. म्हणून माझ्या मते लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाची चौकशी आधी करावी. तिचे लेखी उत्तर पुढे याचिकेतही उपयोगी पडते, कारण आपण वाट पाहिली आणि वेळोवेळी विचारणा केली हे त्यातून सिद्ध होते.

पूर्वभागकर, सोलापूर

आपणा सर्वांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे कळत नाही. काल रात्री जावयांशी बोललो. त्यांनी झिप कोडवरून आपले प्रतिनिधी शोधले आणि संमतिपत्र उतरवून घेतले आहे. मुलीच्या जन्मदाखल्यावर माझे नाव आमच्या पद्धतीने, घराण्याचे नाव आधी धरून, लिहिलेले आहे आणि पासपोर्टवर ते शेवटी आहे, हेही आज पाहिले. दोन शंका उरल्या आहेत. हा फरक दुरुस्त होईपर्यंत संमतिपत्र थांबवावे का? आणि जावई पुढील महिन्यात नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात राहायला जाणार आहेत, त्याने काही अडचण येईल का?

न्यू जर्सीतील सोलापूरकर

काका, संमतिपत्र थांबवू नका. नावाच्या क्रमातील फरक निवेदनात एका वाक्यात नोंदवा आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे तुमचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. दूतावासाने मागितल्याशिवाय ते पाठवू नये.

राज्य बदलण्याचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. कार्यालये आपल्या मतदारसंघातील रहिवाशांचेच काम करतात, त्यामुळे जावई महिनाभरात जाणार असतील तर न्यू जर्सीत प्रकरण सुरू करून अर्ध्यावर सोडण्यापेक्षा पेनसिल्व्हेनियातील भाडेकरार हाती येताच तेथील सदस्यांकडे अर्ज करणे बरे. पत्ता बदलल्याचे नॅशनल व्हिसा सेंटर आणि दूतावास या दोघांनाही कळवावे. उत्पन्नाच्या हमीपत्रासाठी नव्या मालकाचे नोकरीचे पत्र आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या लागतील, कारण जुनी नोकरी सुटल्यावर आधी दिलेले पुरावे अपुरे ठरू शकतात. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये होते आणि नवे सदस्य ३ जानेवारीला पदभार घेतात. तोवर निकाल लागला नाही आणि सदस्य बदलले, तर जुन्या कार्यालयाकडील कागद आपोआप पुढे जातीलच असे नाही. जावयांनी नव्या कार्यालयात नवे संमतिपत्र स्वत: द्यावे आणि आधीच्या उत्तराची प्रत सोबत जोडावी.